नियम आधी स्वतःला लावणाऱ्या सरांचे जाहीर आभार

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

आमची मुलगी नौदलात अग्निवीर म्हणून निवडली गेली असून लवकरच ओडिशातील आयएनएस चिल्का येथे प्रशिक्षणासाठी निघेल. कॉलेजच्या एनसीसी पथकाचे अधिकारी या नात्याने आपण तिला जे दिलेत, त्याबद्दल हे आभार जाहीरपणे मानत आहे, कारण समोर बोलू लागलो की आपण विषय बदलता.

रत्नागिरीच्या पावसाळ्यात गणवेश नीटनेटका ठेवणे किती जिकिरीचे, हे इथे राहणाऱ्यालाच कळते. खाऱ्या हवेने पट्ट्याचे पितळी बक्कल बघता बघता काळवंडते, कोपऱ्यात ठेवलेल्या बुटांना बुरशी धरते आणि खाकी शर्ट इस्त्री करूनही दमटच राहतो. मुलांनी या सबबी पुढे केल्या, तेव्हा आपण रागावला नाहीत. आपलेही घर समुद्रालगतच आहे, एवढेच म्हणालात. बुटांत रद्दी कोंबून ते रात्रभर चुलीपासून हातभर अंतरावर ठेवायचे, ही युक्ती मुलीने आपल्याकडूनच उचलली.

तपासणीच्या वेळी आपण प्रथम सीनियर कॅडेटसमोर उभे राहून स्वतःचा टर्नआउट, म्हणजे गणवेश आणि एकूण नीटनेटकेपणा, तपासून घेत असा. नियमपुस्तकात अशी पद्धत बहुधा नसावी! एकदा त्या मुलाने भीत भीत सांगितले की, सरांचे केस कॉलरला टेकतात. आपण “बरोबर आहे” म्हणालात आणि पुढच्या परेडला केस कापून आलात. याआधी एका शिबिरात दाढीचे खुंट वाढवून आलेल्या अधिकाऱ्याकडून अंबाड्याच्या जाळीवरून बोलणी खाल्लेल्या माझ्या मुलीला, नियम फक्त खालच्यांसाठी असतात असे ठामपणे वाटत होते. तिचा तो समज त्या दिवशी गेला.

1 ऑगस्ट 2023 पासून भारतीय लष्करातील ब्रिगेडियर आणि त्यावरील अधिकाऱ्यांनी आपापल्या रेजिमेंटची वेगळी टोपी, बिल्ले, पट्टा आणि बूट बाजूला ठेवून एकसारखा गणवेश स्वीकारला, हेही आपणच मुलांना सांगितलेत. उभ्या नोकरीत अभिमानाने मिरवलेली रेजिमेंटची खूण वरच्या हुद्द्यावर पोहोचल्यावर उतरवणे सोपे नसणार. मुलीने ती बातमी कापून स्वतःच्या वहीत चिकटवली आहे.

यंदा गणपतीला आमच्याकडे दर्शनाला आणि प्रसादाला सहकुटुंब जरूर यावे, ही घरातल्या सर्वांची विनंती.

आपला कृतज्ञ,
एक पालक