दत्ता, पाच आठवडे हातात आहेत

मिरज,
३ डिसेंबर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

काल तुझ्या मणक्याच्या ऑपरेशनबद्दल बोलून फोन ठेवला, पण तुझं एक वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. "ऑपरेशनच्या दोन दिवस आधी बंद करतो की सिगारेट, त्यात काय एवढं!" फोनवर वहिनी शेजारी होत्या म्हणून गप्प बसलो. आज सगळं लिहून काढतो. कंटाळा आला तरी शेवटपर्यंत वाच.

माझ्या पायाचं तुला ठाऊक आहे, पण अर्धंच. २०१६ साली गाडीवरून पडलो, नडगीचं हाड मोडलं, रॉड घातला. चौथ्या दिवसापासून वॉकर घेऊन मी मागच्या जिन्यापाशी जायचो आणि ओढायचो. मनात हेच, की ऑपरेशन तर झालं, आता काय बिघडणार? नऊ महिन्यांनी डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. रॉड पांढराशुभ्र, वरखाली हाड, आणि मधोमध केसाएवढी काळी रेघ. तीन महिन्यांपूर्वीच्या फिल्मवरही तीच रेघ, त्याच जागी. "हाडानं धरलंच नाही," ते म्हणाले. मग विचारलं, "दिवसाला किती ओढता?" मी चार-पाच सांगितल्या. होत्या बारा.

पुन्हा ऑपरेशन. कमरेचं हाड काढून नडगीत भरलं, आणि खरं सांगतो, पायापेक्षा ती कमरेची जखम जास्त दुखली. सगळा दोष सिगारेटचाच होता असं कुणी छातीठोकपणे सांगणार नाही, हाड मोडलंही वाईट होतं. पण दुसऱ्या खेपेला मी एकही ओढली नाही आणि साडेचार महिन्यांत ती रेघ भरून आली. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचतो, भेटेल त्या डॉक्टरला विचारतो.

तुझं तर मणक्याचं फ्यूजन आहे. स्क्रू आणि पट्ट्या मणके धरून ठेवतात ते थोडे दिवस. खरं काम तुझ्या हाडाला करायचंय, दोन मणक्यांमध्ये नवं हाड वाढवून ते एकजीव करायचंय. ते वाढायला रक्त लागतं आणि त्या रक्तात ऑक्सिजन लागतो. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे जे थोडं रक्त पोचतं तेही अर्धवट रिकामं. टाक्यांचंही तसंच. जखमेत शिरलेले जंतू मारायला पांढऱ्या पेशींना ऑक्सिजनच लागतो. म्हणून ओढणाऱ्याची जखम चिघळते, कडा काळ्या पडतात, ड्रेसिंग संपता संपत नाही.

दोन दिवस आधी सोडून काहीच होत नाही असं नाही. कार्बन मोनॉक्साइड एका दिवसात बराचसा निघून जातो, निकोटीनही उतरतं. पण छातीतला कफ वर ढकलणारी बारीक लव पुन्हा नीट काम करायला आठवडे लागतात, आणि जखम भरण्याची ताकद यायलाही. भूल उतरल्यावर पाठीला ताजे टाके असताना खोकल्याची उबळ आली तर काय होईल, विचार कर.

डेन्मार्कमध्ये २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गुडघा किंवा खुबा बदलायला आलेल्या, सिगारेट ओढणाऱ्या १२० जणांपैकी निम्म्यांना सहा ते आठ आठवडे आधीपासून सोडायला किंवा कमी करायला मदत केली, बाकीच्यांना नेहमीसारखंच ठेवलं. नेहमीसारख्यांपैकी ५२ टक्क्यांना ऑपरेशननंतर काही ना काही त्रास झाला, मदत मिळालेल्यांत १८ टक्क्यांना. जखमेचा त्रास तर ३१ वरून ५ टक्क्यांवर आला. जागतिक आरोग्य संघटनाही किमान चार आठवडे आधी सोडा म्हणते. तुझ्याकडे पाच आहेत. मला अपघातानं एक दिवससुद्धा दिला नव्हता रे.

ऑपरेशननंतरचं तर फार महत्त्वाचं. अमेरिकेतल्या मणक्याच्या डॉक्टरांनी २००० साली ३५७ रुग्णांचा हिशेब मांडला. कधीच न ओढणाऱ्यांत १४ टक्क्यांचं फ्यूजन जुळलं नाही. ऑपरेशननंतरही ओढत राहिले त्यांच्यात साडेसव्वीस टक्के. आणि नंतर सहा महिन्यांहून जास्त काळ सोडली त्यांच्यात १७ टक्के, म्हणजे जवळजवळ न ओढणाऱ्यांइतकेच. म्हणून तारीख उलटून गेली की टपरीवर जायचं असा बेत मनात असेल तर तो आजच काढून टाक.

आता तुझा दुसरा प्रश्न, सिगारेटऐवजी तंबाखू-चुना चालेल का. नको. धूर गेला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड गेला हे खरं, पण निकोटीन तेच, आणि दाढेखाली तासन्‌तास. तुझ्या तोंडाचं होईल ते वेगळंच. डॉक्टरांना विचारून निकोटीनचा च्युइंग गम घेता येतो. दोन मिलिग्रॅमचा मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो. मात्र फ्यूजनच्या रुग्णाला काही सर्जन गमही नको म्हणतात, त्यामुळे स्वतःच्या मनानं सुरू करू नकोस. आणि आधी सोडली की कफ वाढतो, म्हणून सोडूच नये, हे तुला कुणीतरी सांगितलंय ना? जुन्या एका अभ्यासावरून ती भीती पसरली होती, नंतर सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा ती खरी ठरली नाही.

पहिले तीन-चार दिवस वाईट जातात. मी उगाच पोरांवर ओरडायचो, झोप उडाली होती. तलफ आली की पाणी पी, अंगणात दोन फेऱ्या मार, मला फोन कर, रात्री दोनला केलास तरी उचलीन. पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी नंबरही फुकट आहे, तिथं मराठीत बोलता येतं.

आणि भूलतज्ज्ञ विचारतील तेव्हा खरा आकडा सांग. वहिनी समोर असतील म्हणून लाजू नकोस, त्यांना आकडा कधीचाच माहीत आहे. भुलीची तयारी करताना ते हा आकडाही लक्षात घेतात. मी सांगितलेल्या चार-पाच तुला वर लिहिल्याच आहेत.

रविवारी सकाळच्या एसटीनं येतोय. तुझ्या एमआरआयचं पाकीट काढून ठेव. माझ्या दोन्ही फिल्म घेऊन येतो, ती रेघ तू स्वतः बघ.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
विलास