सॉफ्टनर बसवला, पण निगा कोण राखणार?

महोदय,

बेसा-मनीषनगर परिसरात बोअरवेलच्या जड पाण्यावर अवलंबून असलेली आमच्यासारखी कुटुंबे हौसेने सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा घालवणारे यंत्र) बसवतात, मात्र त्याची निगा कशी राखावी हे आम्हाला विक्रेत्याने सांगितले नव्हते. या यंत्रातील रेझिन, म्हणजे राळेचे बारीक मणी, पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवते आणि त्याबदल्यात सोडियम सोडते; त्यामुळे ते वेळोवेळी मिठाच्या द्रावणाने धुतले नाही, तर जड पाणी जसेच्या तसे नळाला येते. आमच्याकडे हेच घडले. टाकी मिठाने भरलेली दिसत होती, परंतु ओलाव्याने वरचा थर दगडासारखा घट्ट होऊन खाली पोकळी झाली होती व मीठ पाण्यात विरघळतच नव्हते, आणि गिझरच्या कॉइलवर पांढरे कीट चढेपर्यंत ते कळलेच नाही. म्हणून दर पंधरवड्याला मीठ काठीने हलवून पाहावे व तपासणी किटने पाण्याचा जडपणा मोजावा. पाण्यात लोह असल्यास रेझिन लवकर निकामी होते, तेव्हा आधी लोह काढणारा फिल्टर हवाच.

रेझिन धुतलेले खारे पाणी झाडांना किंवा शोषखड्ड्यात मुळीच सोडू नये. तेच क्षार पुन्हा आपल्या जमिनीत मुरतात. विक्रेत्यांनी यंत्रासोबत देखभालीचे मराठी पत्रक द्यावे, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, मनीषनगर, नागपूर