चेहऱ्याची सुरुवात सावलीपासून व्हावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुलांच्या पुरवण्यांतून चित्रकलेचे पाठ येतात. त्यांत चेहरा शिकवण्याचा क्रम ठरलेला असतो: आधी अंडाकृती, मग उभी-आडवी रेघ, मग डोळे, नाक, ओठ आणि अगदी शेवटी शेडिंग. हा क्रम उलटा व्हायला हवा. नाकाच्या बाजूला खरे तर रेघ नसतेच. उजेडाकडे वळलेला भाग तिथे संपतो आणि उजेडाकडे पाठ केलेला भाग सुरू होतो, एवढेच. तिथे एकदा ठळक रेघ ओढली की नंतर कितीही शेडिंग करा, नाक कापून चिकटवल्यासारखेच दिसते.

क्रेग मूनी या मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली फक्त काळ्या आणि पांढऱ्या डागांचे चेहरे वापरून मुलांची पाहणी केली होती. मधली एकही छटा नसलेल्या अशा चित्रांतही चेहरा दिसतो, माणूस तरुण की म्हातारा हेही बऱ्याचदा सांगता येते. त्याच डागांच्या कडा नुसत्या रेषेने काढल्या, तर मात्र तिथे चेहरा आहे हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. चेहरा ओळखताना डोळा सावलीवर किती विसंबतो, ते यावरून कळावे.

सरावासाठी एकच दिवा लावावा, बाकीचा सगळा उजेड बंद करावा. दिवा डोक्यापेक्षा उंच आणि एका बाजूला, साधारण ४५ अंशांवर असावा. नाकाची सावली तिरकी उतरून गालाच्या सावलीला मिळाली आणि त्या बाजूच्या डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरला, की जागा बरोबर जमली असे समजावे. रेम्ब्रांट या जुन्या डच चित्रकाराच्या व्यक्तिचित्रांमुळे छायाचित्रकार या प्रकाशयोजनेला त्याचेच नाव देतात. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोवरून हा सराव करू नये, त्यात सावल्याच पुसलेल्या असतात.

कागद किंचित खरखरीत हवा आणि चेहरा १५ ते २० सेंटिमीटर उंच काढावा. चारकोलच्या, म्हणजे चित्रकलेच्या कोळशाच्या, कांडीचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा तोडून आडवा धरावा. टोकदार पेन्सिल हातात आली की हात आपोआप रेघेकडे वळतो, शिवाय गडद भागात ग्रॅफाइट चमकते. टाळू, हनुवटी आणि दोन्ही बाजू यांच्या फक्त पुसट खुणा कराव्यात. समोरून पाहताना डोळे टाळू आणि हनुवटी यांच्या साधारण मध्यावर येतात, हे प्रमाण सावलीच्या पद्धतीतही सुटत नाही.

आता डोळे बारीक करून पाहावे. बारकावे विरतात आणि उजेड व सावली असे दोनच भाग उरतात. भुवईखालची खोबण, नाकाची बाजू, नाकाची पडछाया, गालाची कड, वरचा ओठ, खालच्या ओठाखालचा खळगा, हनुवटीखालचा गळा हे सगळे बहुधा एकमेकांना जोडलेले असते. तो एकच सलग आकार मानून एकाच मध्यम गडद छटेने सपाट भरावा. उजेडाच्या भागात या टप्प्यावर काहीही करू नये. मग दोन मीटर मागे जाऊन पाहावे. साम्य आले नसेल तर डोळ्यांत बारकावे भरून ते येणार नाही. सावलीच्या कडेचा कोन कुठेतरी चुकलेला असतो, तो शोधावा.

ओठ हे याचे चांगले उदाहरण. वरचा ओठ खाली झुकलेला असतो म्हणून सावलीत जातो, खालचा वर वळलेला असतो म्हणून उजळतो. वरचा गडद, खालचा जवळपास कोरा आणि त्याखाली छोटी सावली, इतक्यात तोंड तयार होते. ओठांभोवती रेघ लागतच नाही.

नंतर कडांकडे वळावे, कारण खरे शिक्षण तिथेच आहे. पडछायेची कड नाकाजवळ धारदार असते आणि दूर जाताना मऊ होते. गाल किंवा कपाळ गोलाईने वळते तिथली कड मुळातच मऊ. सगळ्या कडा धारदार ठेवल्या तर मुखवटा होतो, सगळ्या बोटाने घासल्या तर धुके होते, आणि बोटाचा तेलकटपणा कागदावर उतरून पुढचा चारकोल नीट बसत नाही, तो तोटा वेगळाच. सावलीतला गाल आणि गडद पार्श्वभूमी एकच झाली, तर तिथली कड खुशाल हरवू द्यावी.

दोन चुका हमखास होतात. जबड्याखाली परावर्तित उजेड दिसतो, तो फार उजळ काढला जातो. सावलीतला सर्वांत उजळ भागही उजेडातल्या सर्वांत गडद भागापेक्षा गडदच राहिला पाहिजे. दुसरी चूक म्हणजे डोळ्याचा पांढरा भाग कोरा सोडणे. बुबुळासकट तो सगळा गोल खोबणीत बसलेला असतो आणि वरच्या पापणीची छाया त्यावर पडते, म्हणून तो बहुधा करडाच असतो. कोरा सोडलेला डोळा वटारल्यासारखा दिसतो.

सावळा चेहरा काढायचा म्हणून संपूर्ण चेहरा काळवंडून टाकण्याची सवयही मोडायला हवी. सावलीचा आकार दिवा ठरवतो, त्वचेचा रंग नव्हे. आधी दोन भाग करावेत, मग दोन्ही भाग त्वचेच्या मानाने एकेक छटा खाली उतरवावेत आणि कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचे हाड यांवरची चमक खोडरबराने उचलावी.

पुरवणीत यापुढे एका बाजूने प्रकाश पडलेल्या चेहऱ्याचा मोठा छायाचित्र-नमुना एका अंकात आणि त्याचीच केवळ दोन छटांतली आकृती पुढच्या अंकात छापावी, म्हणजे मुलांना मधल्या आठवड्यात स्वतः करून पाहता येईल. शाईच्या दोन छटा वृत्तपत्राच्या कागदावरही स्पष्ट उमटतात.

आपला,
एक कलाशिक्षक