बिल्ला बसला, अण्णा

अण्णा,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं, ठेव" म्हणून मोकळे होता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

मार्चमध्ये मी तुमच्या मागदुरुस्तीच्या दुकानात आले, तेव्हा हातात आजोबांचा गिरणीतला, आकडे कोरलेला पितळी बिल्ला होता. आजोबा जुन्या मिलमध्ये होते, 1877 साली सुरू झालेल्या त्या गिरणीत. गिरणी गेली, आजोबा गेले, बिल्ला तेवढा बाबांनी जपला. बाबांच्या पंचाहत्तरीला तो एका लोखंडी पट्टीवर बसवून दारावर लावायचा, असं माझ्या मनात होतं. दोनदा चिकटवला, दोन्ही वेळा निघाला. दुसऱ्यांदा तर रात्री फरशीवर पडल्याचा आवाज ऐकून मी उठले आणि रडले. डाग द्यायला, म्हणजे सोल्डरनं जोडून घ्यायला, एकाकडं गेले, तर तो म्हणाला, आचेनं आकडे खराब झाले तर मी जबाबदार नाही.

तुम्ही बिल्ला हातात घेतला, उलटा केला आणि विचारलं, "ह्याला काय लावलीस?" मी चिंचेनं घासून लख्ख केला होता आणि चमक राहावी म्हणून खोबरेल तेलाचा हात फिरवला होता. "मग डिंक तेलाला चिकटला की. पितळेला कुठं चिकटला?"

पुढचा तास तुम्ही माझ्यासाठी काढलात. दारात दोन गिऱ्हाइकं उभी होती, हे मी विसरलेले नाही.

आकड्यांच्या बाजूला तुम्ही आधी चिकटपट्टी लावलीत. मग मागची बाजू थिनरनं पुसली, पॉलिश पेपरनं आडवी-उभी घासली, पुन्हा पुसली. पट्टीचंही तसंच, गंज जाऊन पांढरं लोखंड दिसेपर्यंत. आणि मग ते पाणी! घासलेल्या पितळेवर तुम्ही चमचाभर पाणी सोडलंत. एका कडेला त्याचे थेंब झाले, बाकी सगळीकडं ते पातळ पसरलं. "थेंब झाला तिथं अजून तेल हाय." ती कड पुन्हा घासली. तिसऱ्या वेळी पाणी सगळीकडं सारखं पसरलं. मग बिल्ला कोरडा करून शेवटचा थिनरचा हात दिला आणि मला बजावलंत, "आता बोट लावायचं नाही. बोटालाबी तेल असतंय." इतक्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

अराल्डाइटच्या दोन्ही नळ्यांतून, एक डिंकाची आणि एक तो कडक करणाऱ्या हार्डनरची, फुटक्या फरशीवर सारख्या लांबीच्या दोन रेघा काढल्यात. लवकर वाळावं म्हणून मी हार्डनर जास्त घालत होते, हे ऐकून तुम्ही मान हलवलीत. हार्डनर जास्त झाला की उरलेला तसाच राहतो, जोड मऊ पडतो. माझं आधीचं पाच मिनिटांत धरणारं होतं, ते पसरेपर्यंतच आळायला लागायचं. तुम्ही सावकाश धरणारं घेतलंत, रेघ दिसेनाशी होईपर्यंत घोटलंत, दोन्ही तुकड्यांना पातळ हात दिलात. शिकंजात आवळू दिलं नाहीत, सगळा मसाला बाहेर येतो म्हणून. वर वजनाला ठेवलात शेंगा चटणीचा अर्ध्या किलोचा पुडा. हातमोजे घालायला लावलेत तेही बरं झालं, आधीच्या वेळी बोटांना आठवडाभर खाज होती.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते तुमच्या एका प्रश्नाचे. "दार कुठल्या तोंडाचं?" पश्चिमेचं, मी म्हणाले. तुम्ही थांबलात. मे महिन्यात आपल्याकडं पारा 42-43 वर जातो, उन्हातलं लोखंड तर हात लावू देत नाही, आणि साधं इपॉक्सी, म्हणजे अराल्डाइटसारखा डिंक, 60 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. दारावर लावला असता तर बिल्ला पुन्हा खाली आला असता, आणि या वेळी बाबांच्या समोर. चांगलं काम करून देणारे पुष्कळ भेटतात. ते काम पुढं कुठं राहणार, हे विचारणारे तुम्हीच भेटलात.

मग तुम्ही आतून एक जुना धोटा आणलात, मागावर आडवा धागा नेणारा, दोन्ही टोकांना पोलादी टोप्या असलेला. पट्टी त्यावर स्क्रूनं बसवली, मागचा हूकही स्क्रूनंच. "ओझं खिळ्यावर टाकायचं, डिंकावर नाही. डिंक घसटलं तर धरतोय, कडेनं उचकटलं तर सुटतोय." धोट्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत.

चोवीस तास मी त्याला हात लावला नाही. आता तो बैठकीत आहे, उत्तरेच्या भिंतीवर. पंचाहत्तरीच्या दिवशी बाबांनी काहीच म्हटलं नाही, खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. बिल्ल्याकडं नाही, आधी धोट्याकडं बघितलं. टोपीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हा कुणी दिला?"

उन्हाळा गेला, बिल्ला जागचा हललेला नाही. येत्या रविवारी जेवायला या. बाबांना तुम्हाला बघायचंय.

तुमची,
बिल्लेवाली ताई
सोलापूर