आप्पा, बोट हायब्रिडच घेतलीय

चेस्टर, इंग्लंड
१४ एप्रिल

तीर्थरूप आप्पा आणि आईस साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. जेवणखाण वेळेवर होतं, ड्यूटीचं तुम्हाला ठाऊकच आहे. सुट्टीत आम्ही चौघी कालव्यातून फिरायला बोट भाड्याने घेतोय, परवा फोनवर तिचा विषय निघाला आणि आईचा आवाजच बदलला, आप्पा तर गप्पच झाले. म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी आईसाठी. मलप्रभेचा पूर पाहिलेल्या माणसाच्या पोटात पाणी म्हटलं की गोळा येतो, हे मला कळतं. पण ही नदी नाही ग. हा खणलेला कालवा आहे, बहुतेक ठिकाणी चारेक फूट खोल. बोटीला ताशी चार मैलांची मर्यादा आहे, काठावरून झपझप चालणारा माणूस आमच्या पुढे निघून जाईल. आमच्या वाटेवर पॉन्टकसिल्टेचा पूल आहे, त्यावरून कालवाच दरी ओलांडतो. दादाने तुला त्याचा फोटो दाखवला, तो दाखवायला नको होता. दरीवर १२६ फूट उंच आणि एका बाजूला कठडा नाही, हे खरं. पण बोट तिथे लोखंडी हौदातून जाते. हौद बोटीपेक्षा जेमतेम रुंद, तिला कलंडायला जागाच नसते. १८०५ पासून तिथून बोटी जातायत. आणि तो पूल येईल तेव्हा मी आत बसेन, शब्द देते.

आता आप्पा. ‘डिझेलचीच घे, बॅटरीचा भरवसा नाही,’ असं तुम्ही म्हणालात. मी दोन्ही बोटी बघून आले. डिझेलची बोट साधी, कुठलाही मेकॅनिक दुरुस्त करील, आणि इंजिन चालू असलं की आंघोळीचं पाणीही त्यावरच तापतं. पण ही बोट मागे उभं राहून चालवायची असते आणि इंजिन नेमकं पायाखाली. दिवसभर तो थडथडाट आणि धूर. शेजारी उभ्या असलेल्या रेश्माशी मला ओरडून बोलावं लागत होतं.

नुसत्या बॅटरीवरची बोट मीच नको म्हटलं, कारण कालव्याकाठी चार्जिंगची सोय फार कमी. हायब्रिडचं तसं नाही. आपल्या शेतावर मोटर आहे, आणि वीज गेली की नदीकाठचं जुनं इंजिन आहे, पाइपलाइन मात्र एकच. हायब्रिड म्हणजे तेच: बोट ढकलणारा पाण्यातला पंखा एक, त्याला फिरवायला मोटरही आणि डिझेल इंजिनही. बॅटरी उतरली तर इंजिन चालू करायचं, ते बोटही ढकलतं आणि बॅटरीही भरतं. इतक्या कमी वेगाला ताकद फारशी लागत नाही, म्हणून मोटरवर भागतं. जोराच्या प्रवाहाच्या नदीत जायचं असतं, तर मी तुमचंच ऐकलं असतं.

आमच्या वाटेवर थोडा प्रवाह आहे, हे लपवत नाही. लँगोलनचा कालवा डी नदीचं पाणी पिण्यासाठी खाली नेतो, त्यामुळे आम्ही व्हिटचर्चहून निघालो की जाताना पाणी समोरून येणार. चर्कच्या अरुंद बोगद्यात बोट जास्तच मंदावते. तिथे मोटर कमी पडली तर इंजिन आहेच. मोटर ४८ व्होल्टची आहे, पाण्यात करंट उतरेल ही भीती काढून टाका.

हायब्रिड घ्यायचं आणखी एक कारण, इथली एक रीत. रात्री आठ ते सकाळी आठ, शेजारी दुसरी बोट बांधलेली असेल तर इंजिन चालू करायचं नाही. एकटे लांब असाल तर चालतं. पाहायला कोणी शिपाई नाही, तरी लोक पाळतात. मागच्या रविवारी कालव्याकाठी फिरताना एक आजोबा दिसले, एका हातात चहाचा मग, दुसरा हात इंजिनाच्या किल्लीवर. थंडीने नाक लाल झालेलं. मी थांबून बघत राहिले. घड्याळात आठ वाजले तेव्हाच त्यांनी किल्ली फिरवली. शेजारच्या बोटीचे पडदे अजून बंद होते, आत कोणी आहे का हेही दिसत नव्हतं. आपल्याकडे पहाटे कुणाचं इंजिन सुरू झालं तर आपण कूस बदलतो आणि झोपतो, त्यामुळे मला हे आधी समजेचना. आता पटलंय. आमच्याकडे रात्रीचा दिवा, भात, चहा सगळं बॅटरीवर होईल, कुणाला त्रास नाही.

भाडं डिझेलपेक्षा थोडं जास्त आहे, पण आम्ही चौघी वाटून घेतोय. माझा वाटा विमानाच्या तिकिटापुढे काहीच नाही.

शिल्पाच्या लग्नाबद्दल काकू नाराज आहेत असं दादा म्हणाला. सुट्टी मला आठवड्याचीच मिळाली, तारखा फेब्रुवारीतच ठरल्या होत्या, आणि येण्याजाण्यातच तीन दिवस गेले असते. हळदीला सगळ्या बहिणी असतील आणि मी नसेन, हे मलाही लागलंय. गणपतीला येतेय, रजेचा अर्ज दिलाय.

निपाणीच्या मुलाचा नंबर मिळाला. मी बोलेन. पण पत्रिका जुळली म्हणून होकार कळवू नका. नोकरी सोडून यायचं का, हे मला आधी त्याच्याशीच बोलायचंय.

पैसे सोमवारी पाठवलेत. त्यातून आधी सोसायटीचा हप्ता भरा आणि जूनच्या आत कौलं शाकारून घ्या. शिल्पाच्या आहेराचे वेगळे आहेत, ते आईने माझ्या नावाने द्यावेत. बोटीसाठी यातलं काही कमी केलेलं नाही.

तुमची,
सुजाता