वहीतली हळद आणि मशीनची अक्कल

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला एआयवरचा लेख वाचला, चांगलाय, पण वाचून असं वाटतं की माणसाइतकी बुद्धी मशीनमध्ये आणायचा रस्ता एकच, चॅटबॉट अजून मोठा करायचा. ते काय पटलं नाही.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात आहे. मागच्या सीझनला नवीन पोरगं आलं, त्याला राजापुरी हळद कशी पारखायची ते मी वहीत लिहून दिलं, रंग, जाडी, ओल, बारा पानं झाली. गडी वही घेऊन ढिगासमोर उभा राहिला आणि पहिल्याच दिवशी पॉलिशला भुलला! हळकुंड मोडताना कट्‌कन आवाज येतो का दबून येतो, हे लिहिणार कसं?

अमेरिकेत डग्लस लेनट यांनी १९८४ पासून हेच केलं, सायक नावाच्या प्रोजेक्टमध्ये रोजचं व्यवहारज्ञान माणसं बसवून नियमांत भरायला घेतलं, मेलेला माणूस खरेदीला येत नाही असलं सुद्धा. दशकं गेली, नियम लाखांनी झाले, माणसाची समज काय आली नाही.

दुसरी पार्टी म्हणते लिहून देऊ नका, उदाहरणं दाखवा, ते शिकेल. रोझनब्लाट यांचं परसेप्ट्रॉन, म्हणजे उदाहरणांवरनं शिकणारं मशीन, १९५८ चं, १९६९ मध्ये मिन्स्की आणि पॅपर्ट या संशोधकांनी त्याच्या मर्यादा दाखवल्या आणि सगळं थंडावलं, २०१२ ला फोटो ओळखायच्या स्पर्धेत हीच लाईन जिंकली. आजचे चॅटबॉट याच घरातले. अल्फाझीरो नावाच्या प्रोग्रामने तर २०१७ मध्ये माणसांचे डाव न बघता, फक्त खेळाचे नियम घेऊन, स्वतःशीच खेळून बुद्धिबळ शिकलं.

मेंदूची हुबेहूब नक्कल करू म्हणणारे पण आहेत, पण एक मिलिमीटरच्या जंताच्या ३०२ चेतापेशींचा नकाशा १९८६ ला छापून आला तरी तो जंत अजून कॉम्प्युटरात पुरता उतरलेला नाही.

मला पटतात ते रोबोट बनवणारे रॉडनी ब्रूक्स, त्यांचं म्हणणं आधी हातपाय द्या, जगात धडपडू द्या, अक्कल त्यातनं येईल. पुरवणीत त्यांचं नाव पण नाही! पुढच्या वेळी त्यांच्यावर पण छापा की.

परवा त्याच पोराने ढिगाचा फोटो चॅटबॉटला टाकला, उत्तर आलं, माल उत्तम. मी एक हळकुंड मोडून त्याच्या हातात दिलं, आतनं ओलं.

- एक वाचक, सांगली