सहीच्या आधी जोड पाहा

संपादक महोदय,

आधुनिक फ्रेंच डिझायनर फर्निचरची चर्चा डिझायनरची सही आणि लिलावातल्या बोलीपलीकडे क्वचितच जाते. काच-लाकडाच्या टेबलाचा कस मात्र जोडावर लागतो. लाकूड ओलाव्यानुसार रेषांच्या आडव्या दिशेने फुगते-आकसते, लांबीत जवळजवळ नाहीच. काच तशी हलत नाही. म्हणून खाचेतल्या काचेभोवती २-३ मिलिमीटर मोकळी जागा हवी. ती नसेल तर हललेले लाकूड काचेचा कोपरा दाबते आणि तडा तिथूनच जातो. सुटी काच थेट पॉलिशवर नको, खाली सिलिकॉनच्या टिकल्या ठेवाव्यात. टफन्ड (उष्णतेने कडक केलेली) काच तयार झाल्यावर कापता येत नाही, भोकही पडत नाही. सगळी मापे आधीच पक्की करावी लागतात.

आता सहीबद्दल. आजच्या फ्रेंच मर्यादित आवृत्त्यांत ८ नग आणि ४ कलाकार-प्रती (कलाकाराने स्वतःकडे राखलेल्या) असा संकेत रूढ आहे. तो आला ब्राँझशिल्पांकडून. पण फ्रेंच डिझायनर शार्लोत पेरियाँची १९५२ची कपाटे पॅरिसच्या विद्यार्थी वसतिगृहांसाठी, मेक्सिको आणि ट्युनिशिया भवनांसाठी बनली होती, त्यांवर '३/८' (आठांतला तिसरा नग) असा क्रमांक शोधणे व्यर्थ (आणि सापडलाच तर शंका घ्यावी!). अशा कपाटांवर स्क्रू, जुनी भोके आणि हात लागून झिजलेल्या कडा पाहाव्यात. सगळीकडे सारखीच झीज दिसली, तर ती बहुधा सँडपेपरची.

– लाकूडकाम व काचकाम करणारे दोन वाचक